पुजलेला सिलिंडर

कोपरीतल्या आमच्या मंडळाच्या अँब्युलन्सवर एक अटेंडंट होता. गळ्यात स्टेथोस्कोप असा मिरवायचा, की खरे डॉक्टरही घरी जाऊन आपली डिग्री तपासून घेत. स्ट्रेचर मात्र शेजाऱ्यांनी उचलायचं. साहेब पुढे शिट्टी वाजवत चालणार.

खंडेनवमीला माझ्या वडिलांचा दमा उसळला, ओठ निळे पडले. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून नवरदेवासारखा बसवलेला.

"आज नाही हां, मावशी," हा आईला म्हणाला. "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं."

"चुलीत घाल तुझं हत्यार!" आईने हार ओरबाडला, सिलिंडरची चावी फिरवली आणि मास्क वडिलांच्या तोंडावर दाबला.

त्यांच्या ओठांवर रंग परतला, तेव्हा हा महाभाग हात जोडून सिलिंडरची माफी मागत होता.