आखाजीचा मुऱ्हाळी

थरथर आधी तळहातांना कळली. धुळ्याच्या भर बाजारात, माथ्यावर वैशाखाचं ऊन, समोर कलिंगडांच्या हातगाड्या, आणि उभ्या गाडीत माझ्या हातांखालचं स्टिअरिंग हिव भरल्यासारखं थडथडत होतं. पाठोपाठ काचेमागे तेलाचा लाल दिवा मिणमिणला. गाडी पुढे काढावी तर थरथर ओसरे, दिवाही विझे. थांबावं की पुन्हा तेच. चालताना धडधाकट आणि थांबवलं की कासावीस! खरं सांगू? हे दुखणं मला फार ओळखीचं वाटलं.

अक्षय्य तृतीया इतरांसाठी सोन्याच्या मुहूर्ताची असेल. आम्हा खानदेशी लेकींची ती आखाजी. लिंबाच्या फांदीला झोके, परातीत सांजोऱ्या, गौराईची गाणी, आणि माहेरच्या अंगणात निर्धास्त पडून राहण्याचा वर्षातला एकमेव हक्क! पण त्या हक्कालाही एक अट आहे. लेकीने आपण होऊन उठून जायचं नसतं. माहेरचा कोणी मुऱ्हाळी होऊन यावा लागतो आणि त्याने तिला सासरहून मागून न्यावं लागतं. मला भाऊ नाही. वडील गेल्यावर जळगावात आई एकटीच. लग्नानंतरच्या कितीतरी आखाज्या मी दाराकडे बघत घालवल्या. जिला भाऊच नाही तिने आईच्या हातची सांजोरी स्वप्नात खायची, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? एक दिवस माझं डोकं फिरलं. मी गाडी शिकले, कॉलेजातल्या शिकवण्याच्या पगारातून एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि जाहीर केलं, की हाच माझा मुऱ्हाळी.

आणि नेमक्या आखाजीच्या तोंडावर मुऱ्हाळ्याने मान टाकावी! मेकॅनिकने बॉनेट न उघडताच निदान सांगितलं, "अक्का, बठ्ठं इंजिन खोलनं पडी." अख्खं इंजिन खोलायचं, एवढं नानांना पुरलं. नाना म्हणजे माझे सासरे, रावेरकडचे केळीवाले, आता धुळ्यात आमच्याजवळ राहणारे. जीव लावणारे, पण ठरवलेलं न बदलणारे. "आता कुठं चालली व माय? आखाजीले आपल्याच घरी राह्य. ही गाडी देऊन टाकू," असं म्हणून त्यांनी दोंडाईच्याच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायलाही सांगितलं. आमचे हे वर्तमानपत्राआड गेले ते गेलेच. माझ्या गाडीचा सौदा, आणि मला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही! मला इतका संताप आला, की मी पदर खोचला आणि भर दुपारी बॉनेट उघडलं.

ज्याला आपण भितो त्याच्याकडे नीट बघायचंच आपल्याकडून राहून जातं, नाही का? लाल दिवा दिसला की माणसं नुसती हाय खातात. मी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल काठोकाठ, स्वच्छ. म्हणजे तेलाची उणीव नव्हती. उभ्या गाडीत इंजिनच इतकं मंदावत होतं, की तेलाला दाब मिळेना आणि म्हणून दिवा लागे. मग ते मंदावतं का? मी इंजिन चालू ठेवलं आणि कान दिला. त्या धडधडीच्या आड कुठेतरी कोणी ओठ मिटून फुंकर घालावी तसा बारीक फुसकारा येत होता. साबणाचं पाणी कालवून एकेका रबरी नळीवर शिंपडत गेले. एका नळीपाशी पाणी क्षणात आत ओढलं गेलं, आणि तेवढ्यापुरती गाडीची थरथर थांबली. सापडला चोर!

ती नळी टोकाशी चिरली होती. चिरेत रुतलेला होता वाळका, करकचून आवळलेला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोर. उन्हात पंपातलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडते, म्हणून केळीवाली मंडळी खोडाचं ओलं सोपट पंपाभोवती गुंडाळतात. त्याचा गारवा फ्रिजला लाजवील असा. मागच्या फेरीत, रावेरहून निघताना, माझ्याही गाडीच्या पंपाला असंच सोपट बांधलं गेलं होतं. पण ओलं असताना मायेने बांधलेलं ते सोपट पुढे वाळून आवळत गेलं आणि शेजारच्या नळीचा गळा कापत राहिलं. नाना मागे येऊन उभे होते. तो दोर हातात घेऊन त्यांनी गाठ निरखली. "हे तं मीच बांधेल व्हतं," ते पुटपुटले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण वाळून आवळणाऱ्या मायेला आणखी काय नाव द्यायचं!

चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी पुन्हा बसवली, वर तारेचा वेढा दिला. इंजिन स्थिरावलं, दिवा विझला. सकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा मी पिशवी घेऊन स्टिअरिंगमागे बसले होते. नानांनी विचारलं, वाटेत पुन्हा दिवा लागला तर? म्हटलं, लागला तर बॉनेट उघडीन. ते गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "गाडी इकायची नाही. सूनबाई माहेरी चालली."

पारोळ्याच्या अलीकडे गुरांनी रस्ता अडवला, आणि मी हौसेने गाडी उभी केली. थरथर नाही. दिवा नाही. थांबूनही कासावीस न होण्याचं सुख काय असतं, ते तेव्हा कळलं!

जळगावला आई दारात आली. मला जवळ घेऊनही तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे काहीतरी शोधत राहिली. "मुऱ्हाळी कोण आला व तुह्यासंगं?" तिने विचारलं. मी तिचा हात धरून तिला गाडीपाशी नेलं आणि तिचा सुरकुतलेला तळवा तापलेल्या बॉनेटवर टेकवला. इंजिन मी मुद्दामच चालू ठेवलं होतं. सगळ्या आळीने ऐकावं म्हणून!