नेमसिंग, नांगर आणि पोरगी बघायचा कार्यक्रम

आमच्या नेमसिंगनं आजवर सात ठिकाणी पोरगी बघायला जाऊन सातही ठिकाणी मशीन बघितलं. शिरड शहापूरला तर चहा येईपर्यंत पाव्हण्यांची पाण्याची मोटार खोलून बसला. मोटार चालू झाली, सोयरीक बंद पडली. मिस्तरी म्हणून माणूस सोनं. गिरणी असो की मळणीयंत्र, पाना कानाला लावून त्याचं दुखणं ऐकतो. माणसांचं मात्र त्याला काही ऐकू येत नाही.

म्हणून आठव्या वेळी त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, नानीबाईनं डोकं चालवलं. नेमसिंगच्या चुलतभावानं, जगननं तीन वर्षांपूर्वी कोकणातून जुनी नाव आणून सिद्धेश्वरच्या धरणात फेऱ्या सुरू केल्यात. कार्यक्रम नावेतच ठरला.

"पाण्यात काय खोलन? मासा?" नानीबाईचा हिशेब बराबर होता. नेमसिंगला पांढरा सदरा घातला, खिशातला पाना काठावरच काढून घेतला आणि पहाऱ्याला म्हणून मला, त्याच्या दोस्ताला, शेजारी बसवलं. ही सोयरीक मोडली तर आमच्या बंजारा तांड्यात तोंड दाखवायची सोय नव्हती.

पुसेगावहून रूपसिंग आणि त्यांची लेक दिपा आली. पाहुण्यांना नीट जेवता यावं म्हणून जगननं धरणाच्या मधोमध नांगर टाकला. तोही पहिल्यांदाच; साखळी नावेच्या बुडाशी मोकळीच पडली होती, ती नुसती सोडली. भाकरी-ठेचा झाला. नेमसिंगनं "काय शिकलात?" असा प्रश्नसुद्धा विचारला, मला भरूनच आलं.

निघायच्या वेळी जगन नांगराची साखळी गुंडाळायचा रहाट फिरवायला गेला. दांडा हलेना. जगन दांड्याला लोंबकळला, तरी हलेना.

नेमसिंगचे डोळे चमकले.

"बसून ऱ्हा," नानीबाई दात खाऊन म्हणाली.

"मी कुठं काय म्हनलो, याडी? फक्त दाते आडकून राहिलेत, आवाजावरून..."

"तू आवाजच ऐकू नको!"

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा डिझेल इंजिनासारखा थरथरत होता.

अर्धा तास गेला. रूपसिंग काठाकडं बघत म्हणाले, "पाचची एसटी हुकली तर तकलीफ व्हईल. पाव्हणं मिस्तरी हाईत न्हवं?"

"आज सुट्टी हाय त्याची!" नानीबाई.

तेवढ्यात दिपा उठली, रहाटापाशी वाकली आणि तिनं चक्क वास घेतला. "ह्याच्यावर हळद काहून टाकली?"

"पूजा करतो की दसऱ्याला!" जगन छाती काढून म्हणाला. "तीन वर्सं झाली. हळद, कुंकू, शेंदूर, वरून नारळाचं पाणी. कमी काहीच न्हाई."

कमी नव्हतंच. तीन दसऱ्यांचा लगदा दात्यांमध्ये वाळून दगड झाला होता.

"आमचा हळद घोळायचा ड्रम आसाच आडतो," दिपा म्हणाली. "पाणी नका लावू, आजून चिकटन. तेल पाह्यजे, अन खरवडायला टोकदार कायतरी." आणि तिनं केसातली पिन काढून सरळ नेमसिंगपुढं धरली.

नानीबाईनं डोळे मिटून घेतले. माझा हात गुडघ्यावर होता, तो हवेत राहिला. खालचा नेमसिंग कधीच निघून गेला होता.

ठेच्यासाठी आणलेलं करडीचं तेल रहाटात ओतलं. नेमसिंग पिनेनं खरवडी, दिपा दांडा हलवी.

"उलटा फिरवा," नेमसिंग म्हणाला.

"मंग आडतंय अजून. मिस्तरी तुमी का मी?"

"आत्ता तुमी."

हे वाक्य नेमसिंगच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. लगदा पापुद्र्यानं निघत होता. पहिल्या दसऱ्यापर्यंत पोचल्यावर रहाट कण्हला आणि फिरला. साखळी वर आली, नांगर वर आला, नांगराबरोबर धरणाच्या तळातला घमेलंभर गाळ आला. तो सगळा पांढऱ्या सदऱ्यावर.

नेमसिंग काळा, हळदीनं पिवळा आणि शेंदरानं लाल होऊन हसत उभा. नानीबाई रडायच्या बेतात.

"दिपे, काय म्हनतीस?" रूपसिंगनी विचारलं.

दिपानं त्याला वरून खाली बघितलं. "मला चालंल. पण एक अट हाय. लग्नात जनरेटर बंद पडलं तर दुसरा मिस्तरी बोलवायचा. ह्यांनी बोहल्यावरून उठायचं न्हाई."

मी नेमसिंगला चिमटा काढला. "व्हय म्हण की!"

नेमसिंगनं सदऱ्याला हात पुसले. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "जनरेटर कोणत्या कंपनीचं हाय?"

"कबूल हाय!" नानीबाई किंचाळली आणि दुसरा प्रश्न यायच्या आत तिनं पदराला बांधून आणलेला अख्खा पेढा लेकाच्या तोंडात कोंबला.