गच्चीवरची ओली चादर

“सकाळी जातं आणि दुपारी आपोआप येतं,” तांबोळीकाका म्हणाले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

टीव्हीवरच्या चित्राबद्दल बोलत होते. मी त्यांच्या गच्चीवर उभा, हातात मीटर, मीटरवर सिग्नल ठणठणीत. एकाच घरातून आलेली ही दुसरी तक्रार. आमच्या लाइनमध्ये याला रिपीट कॉल म्हणतात. म्हणजे टेक्निशियन येऊन गेला, झालं म्हणून सांगून गेला, आणि झालं काहीच नाही. हा शब्द ऑफिसात ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात माझे सासरे माझं नाव घेतात.

“आपोआप काही येत नसतं, काका,” मी म्हणालो. “आणि आपोआप जातही नसतं.”

काका गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिले.

मी डीटीएच बसवतो. घरावर डिश लावायची आणि थेट उपग्रहाकडून टीव्ही घ्यायचा, मध्ये केबलवाला नाही. हडपसर भागात मी हे काम डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून करतोय. तांबोळींचं घर जुन्या गावठाणाच्या कडेला, चिंचोळ्या गल्लीत. काका कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी शमीमबाई इथल्याच शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी ही डिश मीच बसवली होती, आणि खरं तर त्याच दिवशी मला खटकलं होतं.

डिश बसवताना लोक विचारतात, चॅनेल किती, क्रिकेट लागणार का. काकांनी विचारलं, “बाहेरून दिसणार नाही अशी बसवता येईल?”

“कुणाला दिसायला नको?”

त्यांनी हनुवटीनं समोर दाखवलं. गल्लीपलीकडे एक तिमजली घर. आप्पांचं. आप्पा म्हणजे या भागाचे केबलवाले. पूर्वी इथं त्यांच्या घराण्याची शेती होती. शेतात घरं उठली, मग आप्पांनी त्याच घरांना केबल दिली.

“गल्लीत केबल आली तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे,” काका म्हणाले. “त्यांची दोन्ही मुलं हिच्या हाताखाली शिकली. माझं बायपास झालं तेव्हा मला दवाखान्यात घेऊन जाणारी गाडी आप्पांची. आता त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, तुमची केबल नको म्हणून?”

“मग बदलताय कशाला?”

“चित्र स्वच्छ पाहिजे. एचडी.”

एचडी म्हणजे चित्रात ठिपके जास्त आणि बारीक. साध्या चित्रात चेहरा दिसतो, एचडीत चेहऱ्यावरचा तीळ दिसतो. आता एचडी बॉक्स आप्पांनीही दिला होता, पण तांबोळींचं घर लाइनवरचं शेवटचं. मुख्य वायरीला घरोघर फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला सिग्नल थोडा थोडा कमी होतो. शेवटच्या घरात पोचेपर्यंत चित्राचे चौकोन चौकोन पडायचे. आप्पा म्हणायचे, लाइन बदलतो. अजूनही तेच म्हणतात.

डिश लपवणं मात्र मला जमेना. आमचा उपग्रह पुण्यातून बघितलं तर आग्नेयेला आहे. तो जागा बदलत नाही, त्यामुळे डिशचं तोंड आग्नेयेलाच हवं. आणि तांबोळींच्या गच्चीवरून आग्नेयेला काय आहे, तर आप्पांची गच्ची. डिश खरं तर उंच आकाशात बघत असते, त्यामुळे समोरच्या घराचा तिला अडथळा नव्हता. पण बघणाऱ्याला वाटावं, ही आप्पांकडेच टक लावून बसलीये.

“टाकीमागे लावा,” काका म्हणाले.

“मग डिशला उपग्रहाऐवजी टाकी दिसेल.”

“उत्तरेकडे वळवून?”

“उत्तरेला उपग्रह नाही, काका. तिकडे वाघोली आहे.”

काका हिरमुसले. शेवटी मी ती कठड्याजवळ जमेल तेवढी खाली बसवली. रस्त्यावरून दिसत नव्हती, आप्पांच्या गच्चीवरून दिसत होती. “ठीक आहे, पुढचं मी बघतो,” काका म्हणाले. पुढचं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. पण पुढचा कॉल हिंजवडीला होता, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथल्या ट्रॅफिकच्या धास्तीनं मी निघालो.

आठवडाभरात पहिली तक्रार आली. गेलो, सगळं ठीक. तरी वायरचा कनेक्टर बदलला. मग ही दुसरी. या वेळी एलएनबी बदलली. डिशच्या पुढे दांड्यावर जी डबी असते, ती एलएनबी, तीच सिग्नल गोळा करते. जुनी चांगली होती, नवीही चांगली निघाली. खाली जाऊन टीव्ही तपासला. चित्र बघण्यासारखं, पण आवाज बंद. मी रिमोट उचलला.

“राहू दे,” खुर्चीतून बाई म्हणाल्या. “मला त्याचा उपयोग नाही.”

बाईंना ऐकू येत नव्हतं. गेल्या काही वर्षांत कान हळूहळू गेले. मी डिश बसवायला आलो तेव्हा त्या माझ्याशी इतकं नीट बोलल्या होत्या की मला शंकाही आली नाही.

“कानाचं मशीन आहे,” त्या म्हणाल्या. “पण टीव्ही लावला की त्यात नुसती भांडी पडतात. मी ओठ बघते. शाळेत मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना ओठ हलवून उत्तरं सांगायची ना, ती पकडता पकडता शिकले. जाहिराती तेवढ्या कळत नाहीत. त्यात ओठ एक बोलतात आणि भाषा दुसरीच असते.”

मी रिमोट खाली ठेवला. एचडीला मी आजवर मनातल्या मनात चोचलेच म्हणत आलो होतो. इथे त्यावाचून अडलं होतं.

“सीरियल काही फार थोर असते असं नाही,” बाई म्हणाल्या. “पण संध्याकाळी घरात मुलगा, सून, नातवंडं सगळे एकदम बोलतात, माझ्या वाट्याला तुकडे येतात. सकाळी तीच सीरियल परत दाखवतात तेव्हा घर रिकामं असतं. तेवढी एक गोष्ट मला अख्खी मिळते. आणि नेमकं तेव्हाच चित्र जातं.”

काका दारात उभे होते. मान खाली. मला वाटलं, बायकोच्या काळजीनं.

तिसरी तक्रार आली तेव्हा ऑफिसातून देशमुख मॅडमचा फोन आला. “त्या घरी तुम्ही काय करता नक्की? चहा पिता का?”

“पितो,” मी म्हणालो. “चांगला असतो.”

“याच्यानंतर तक्रार आली तर दुसरा माणूस पाठवणार.”

आमचा नियम असा की निघण्याआधी ऑफिस ग्राहकाला फोन करतं. त्या दिवशी मी म्हटलं, फोन नको. सकाळची वेळ गाठली आणि काही न कळवता सरळ गच्चीवर गेलो.

डिशच्या पुढ्यात दोरीवर डबल बेडची चादर टांगलेली होती. मोठ्या फुलांची. पाणी निथळत होतं. आणि बादली हातात घेऊन तांबोळीकाका तिची टोकं सारखी करत होते.

कापड कोरडं असलं तर सिग्नल त्यातून बराचसा जातो. पाणी त्याला अडवतं. म्हणजे सकाळी चादर ओली, चित्र बंद. दुपारी चादर वाळली, चित्र हजर. यात आपोआप काय होतं, ते मला आता कळलं.

“रोज?” मी विचारलं.

“रोज,” काका म्हणाले. “कोरडीच चादर टांगून ठेवली तर आप्पांना संशय येईल ना.”

“आणि आम्ही येतो तेव्हा?”

“तुमच्या ऑफिसचा फोन येतो ना. मग काढून ठेवतो.”

माझं डोकंच फिरलं. “अहो काका, मी चांगली डबी काढून चांगली डबी बसवली. ऑफिसात माझी अब्रू चालली आहे. आणि ज्यांच्यासाठी डिश घेतली त्यांचंच चित्र तुम्ही रोज सकाळी बंद करताय.”

“मला काय ठाऊक ओल्या कापडानं जातं म्हणून,” काका पुटपुटले. त्यांचा चेहरा बघून माझा राग निम्मा उतरला. कपडे धुतल्यानं टीव्ही बंद पडतो, हे त्यांना कुणी सांगणार होतं?

तेवढ्यात जिन्यातून बाई आल्या. “अहो, पुन्हा गेलं,” म्हणाल्या, आणि मला बघून थांबल्या. मग चादरीकडे बघितलं, डिशकडे बघितलं. शिक्षिका होत्या, फार वेळ लागला नाही.

“तरीच,” त्या मला म्हणाल्या. “रिटायर झाल्यापासून या माणसानं स्वतःचा कप विसळला नाही. आणि महिनाभर रोज चादर धुतोय. मला वाटलं डॉक्टरला दाखवावं का.” मग काकांकडे वळून, “आप्पांना सांगितलंच नाहीत तुम्ही?”

काकांनी उत्तर द्यायच्या आत समोरच्या गच्चीवरून आवाज आला. “तांबोळी, आज फुलाफुलांची व्हय? काल निळी हुती.”

आप्पा तिथं उभे होते, हातात चहाचा कप. काकांच्या हातातली बादली टणकन खाली आली. “तितंच थांबा,” आप्पा म्हणाले. “आलो.”

आप्पा जिना चढून येईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे. माझं काम संपलं होतं, मी जाऊ शकत होतो. पण कसा जाणार? बायपास झालेला माणूस, त्याचा जुना शेजार मोडायच्या बेतात, आणि सगळ्याच्या मुळाशी मी बसवलेली डिश.

आप्पा आले. धिप्पाड माणूस, आणि मिश्या अशा की वरचा ओठच काय, खालचाही अर्धा झाकलेला. आधी दम घेतला.

“डिश लावली, लावा,” ते म्हणाले. “निम्म्या गल्लीनं लावली. माझा धंदाच हाय, सकाळी उठून पहिल्यांदा कुणाच्या गच्चीवर काय उगवलं त्येच बघतो. पन माझ्यापासनं झाकायची? मी काय परका हाय?”

काकांनी खाली पडलेली बादली उचलली.

“आन बाई बी बोलंनात,” आप्पांचा आवाज खाली आला. “दिवाळीपासनं बघतोय. दारात उभा राहून इचारतो, बाई, बरं हाय का. त्या नुसती मान हलवत्यात आन आत जात्यात. मला कळंना माझं काय चुकलं.”

बाई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “काय म्हणतायत?”

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि आप्पांचं शेवटचं वाक्य सावकाश, तोंड नीट उघडून, परत म्हटलं.

“आप्पा, मला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून कळतं,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचे ओठ मी आजवर पाहिलेलेच नाहीत.”

आप्पांचा हात आपसूक मिशीवर गेला. “एवढं झालं, आन मला सांगितलं न्हाई?” त्यांनी काकांना विचारलं.

“तिला सांगायला आवडत नाही,” काका म्हणाले. “म्हणून मीही बोललो नाही.”

“केबलवर सगळ्यांच्या तोंडाचे चौकोन होतात,” बाई म्हणाल्या. “चौकोन मला वाचता येत नाहीत. राग कसला असणार? तुम्ही काहीतरी चांगलंच बोलत असाल म्हणून मी मान हलवते.”

आप्पा पुढे झाले, दोरीवरची चादर ओढून काढली आणि तिचा बोळा काकांच्या हातात दिला. पाणी स्वतःच्या चपलांवर सांडलं, तिकडे आप्पांनी बघितलंही नाही. माझ्या मीटरवरचा आकडा झपकन वर गेला. मी बाईंना अंगठा दाखवला. त्या सीरियल गाठायला लगबगीनं खाली गेल्या.

काका ओल्या चादरीसकट कठड्यावर टेकले आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हायसं वाटलं. महिनाभर तो माणूस रोज सकाळी भीतीनं कपडे धूत होता.

“माझी वायर काढू नगा पन,” आप्पा म्हणाले. “पावसाळ्यात काळं ढग आलं की ह्यांची डिश आंधळी हुतीया. तवा माझीच लागंल.”

ते खरं आहे. जोराच्या पावसात आमचा सिग्नल जातो. पाणी ते पाणी, चादरीत असो नाहीतर ढगात.

खाली येऊन मी ऑफिसला फोन केला. “अडथळा होता,” मी सांगितलं.

“झाड का?” देशमुख मॅडमनी विचारलं.

“चादर.”

“कुणी लावली?”

“ग्राहकानं.”

“क्लोज करा,” मॅडम म्हणाल्या.

तांबोळींकडून पुन्हा तक्रार आली नाही. मध्यंतरी त्याच गल्लीत दुसऱ्या एका घरी काम निघालं. गाडी लावली तर आप्पा आपल्या पायरीवर आणि बाई आपल्या दारात, दोघं गल्लीच्या अल्याडपल्याड उभे राहून बोलत होते. बाई कशावर तरी हसत होत्या. आप्पांकडे मी दोनदा बघितलं. मिश्या होत्या, पण ओठांवरून सरळ रेषेत कातरलेल्या. तोंड अख्खं दिसत होतं, आणि त्या चेहऱ्याची सवय त्यांना स्वतःलाही अजून झालेली नव्हती.

“काय बघताय?” ते मला म्हणाले. “सिग्नल जात न्हवता. आडवं आल्यालं काढलं.”

एवढ्या वर्षांच्या कामात मी शिकलो ते इतकंच. चित्र गेलं तर उपग्रहाला दोष देऊ नये, तो बिचारा आपल्या जागेवर असतो. मध्ये काय आहे ते बघावं. आणि बघायला जाताना शक्यतो आधी फोन करू नये.