साडूभाऊंचा बर्फ

माझे साडू गेले तेव्हा लोक म्हणाले, तुम्ही चार शब्द बोला. मला एकही सुचेना. कित्येक वर्षं त्यांनी माझे केस कापले, पण त्यांच्या मनात काय चालायचं ते मला फारसं कळलंच नाही. लिहायचीही सवय नाही. जमेल तसं सांगतो.

ते सलूनमध्ये कामाला होते. आमचं कधी पटलं नाही. उतारवयात त्यांची नस दबली. कमरेपासून टाचेपर्यंत उजवा पाय ठणकायचा, आणि काम तर उभ्याचं. जरा स्टुलावर टेकले की मालक सगळ्यांदेखत म्हणायचा, "बसायचंच असेल तर घरी बसा. या खुर्चीला माणसं पुष्कळ मिळतात." कात्री-वस्तऱ्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, आणि दिवसभर बायकोच्या नजरेसमोर बसणं त्यांना मरणाहून वाईट वाटे.

डॉक्टरांनी बर्फ लावायला सांगितला. मी भीत भीत म्हणालो, "टॉवेलात गुंडाळून लावा हं. आणि थोडाच वेळ."

"बर्फ मड्याला लावतात, साडूभाऊ. तुम्हाला एवढी घाई झालीय?"

पण मालकाने शेवटची ताकीद दिली, तेव्हा त्यांनी गुपचूप बर्फाची पिशवी कमरेला उघड्या कातडीवर बांधली आणि वरून ॲप्रन चढवला. पाय बधिर झाला. त्यांना वाटलं, बरा झाला! दुपारी पँटमधून पाणी ठिबकू लागलं.

"काका, आवरा की!" खुर्चीतलं गिऱ्हाईक खो खो हसलं.

मालकाने तिथल्या तिथे घरी पाठवलं. कातडी पांढरी पडून फोड आले होते.

मेहुणीने त्यांना फैलावर घेतलं. फोड बरे झाल्यावर ती त्यांना रोज पालथं झोपवी, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ कमरेवर ठेवी आणि घड्याळ बघून उचली. "हललात तर याद राखा!"

हळूहळू ठणका उतरला. मग ते दुकानात गेले आणि मालकाला म्हणाले, "ते स्टूल उचला इथून." दिवसभर टेकले नाहीत. त्यांची खुर्ची त्यांच्याकडेच राहिली.

मला मात्र माफी नव्हती. माझ्या सल्ल्यानेच फोड आले, असं ते नातेवाइकांत सांगत फिरले.

त्यांनी माझे केस शेवटचे कापले तेव्हा मी विचारलं, "पाय काय म्हणतो?"

"तुम्हाला काय करायचंय? उरलेल्या चार केसांची काळजी करा."

"बरं. येतो पुढच्या महिन्यात."

"या. पण गर्दीच्या वेळी येऊ नका."