दोन खलास

फ्रान्सहून नाटकाच्या प्रयोगासाठी आलेल्या त्या म्हाताऱ्या नटाला इथे आखातात, माहूज भागातल्या हॉटेलातून तालमीला नेण्याआणण्याची ड्युटी माझी होती. गाडीत बसला की तो आधी बूट सैल करायचा. मग दोन्ही हातांनी चेहरा पुसायचा, तोंडाचा रंग अजून उतरलाच नसल्यासारखा.

तालीम आटोपून आला की मी सवयीने विचारायचो, "खलास?" इथे काम संपलं की सगळेच तसं म्हणतात. एकदा मी त्याला सांगितलं, "हा अरबी खलास. आमच्या कुडाळला खलास म्हणजे माणूस मेला."

तो हसता हसता खोकला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सिनेमात मी आधी हिरॉइनचा प्रियकर होतो. मग नवरा झालो, मग बाप. आता पहिल्याच सीनमध्ये माझा मुडदा सापडतो. म्हणजे तुमचा खलास."

"मग आता घरी का नाही बसत?"

"नाटकात अजून शेवटपर्यंत जिवंत ठेवतात."

प्रयोगाला मी प्रेक्षकांच्या मागे उभा होतो. भाषा कळत नव्हती, पण मधेच तो वाक्य विसरला, तेवढं कळलं. लोक चुळबुळले. आतून कोणीतरी शब्द पुरवला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी त्याची बॅग खाली ठेवली आणि तोंडातून गेलंच, "खलास?"

तो थांबला. "अरबी की तुमचा?"

"अरबी, अरबी," मी घाईघाईने म्हणालो.

त्याने मान हलवली आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.