स्टीलच्या कॅप्स आणि शनिवारची रेस

मावसभावाच्या लेस्टरमधल्या गॅरेजात आम्ही दोघांनी एक जुनं चार सिलिंडरचं इंजिन उघडलं होतं. जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो लावून त्यातून दुप्पट ताकद काढायची आणि शनिवारी ड्रॅग स्ट्रिपवर, सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, पळवायचं, हे त्याचं शाळेपासूनचं स्वप्न. एंट्रीसुद्धा टाकून झाली होती.

ताकद वाढली की सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणाऱ्या दांड्याला, जास्त जोराने खाली ढकलतो. त्याला इंजिनाच्या ब्लॉकशी धरून ठेवतात त्या खालून आवळलेल्या पाच अर्धगोल पकडी, मेन कॅप्स. जुन्या बिडाच्या कॅप्सना तो मार झेपणार नव्हता, म्हणून आम्ही स्टीलच्या मागवल्या. बुधवारी त्याने त्या बसवून बोल्ट आवळले.

"झालं, ताई."

"बेअरिंग घालायच्या आधी माप घेऊ."

घेतलं. क्रँक बसायचं एकही भोक गोल नव्हतं. कसं असेल? कारखान्यात ब्लॉकला त्याच्याच कॅप्स आवळून पाचही भोकं एका दमात कापतात. अर्धं वर्तुळ ब्लॉकमध्ये, अर्धं कॅपमध्ये. कॅप्स बदलल्या की भोकं पुन्हा एका रेषेत कापून घ्यायची. त्यासाठी ब्लॉक मशीन शॉपला द्यायचा, म्हणजे शनिवार गेला.

"मी कानस मारतो," तो म्हणाला. "तळ जरा घासला की बसेल."

"एक बसेल. पाच एका रेषेत कशी आणशील?"

"सॅटरडेपुरतं टिकलं तरी बास."

"आणि नाही टिकलं तर? पिस्टनचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल, तेल तुझ्याच मागच्या चाकाखाली सांडेल. स्टेअरिंगवर तू असशील."

"तू इंजिन बांधतेयस का मोर्चा?"

आमचं हॅरोचं घर जयंतीच्या आणि सभांच्या पत्रकांनी भरलेलं असायचं. चालायला लागले तशी मी त्यांच्या घड्या घालायला लागले. आईचा नियम एकच: जे वाक्य लोकांच्या दारात उभं राहून बोलता येणार नाही, ते छापायचं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला चूक दिसल्यावर 'चालेल' म्हणणं जमत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

मी कॅप्स सोडवायला बसले. त्याने अडवलं नाही, हातही लावला नाही. पण ब्लॉक मला एकटीला उचलेना. मी दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा त्याने दुसरी बाजू धरली आणि आम्ही तो गाडीच्या डिकीत ठेवला.

शनिवारी आम्ही स्ट्रिपवर गेलो, प्रेक्षक म्हणून. तो कुंपणाला टेकून सगळ्या रेसेस बघत राहिला. माझ्याशी बोलला तो फक्त चिप्सना व्हिनेगर हवं का, एवढंच.

ब्लॉक परत आल्यावर बेअरिंग घातलं, क्रँक ठेवला, कॅप्स आवळल्या. त्याने दोन बोटांनी क्रँक ढकलला. तो अलगद फिरला, कुठेही न अडता. त्याने पुन्हा फिरवला. मग पुन्हा.

"ताई," तो क्रँकवरची नजर न काढता म्हणाला, "ती कानस तेवढी आत ठेव. उगाच समोर नको."