ब्रशचे नवे केस

माझ्या नवऱ्याला दाढी आली म्हणून मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते.

हसू येईल तुम्हाला. पण तेव्हा, नव्वदच्या सुमारास, भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी हसलं नव्हतं.
ह्यांचं केमो चालू होतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, दाढी गेली.
आणि ह्यांचा दाढीचा ब्रश तर आधीपासूनच गळत होता. लग्नात माझ्या बाबांनी जावयाला दिलेल्या सेटमधला, जाड पितळी मुठीचा.

मी म्हटलं, "टाका आता तो."

"केस गळले म्हणून टाकायचं? मग मलापण टाकशील."

असलं काहीतरी बोलायचे आणि वर हसायचे. मला राग यायचा. रडूही यायचं.

एका दुपारी हे स्वतःच ब्रश दुरुस्त करायला बसले. मी स्टेशनजवळून साधा प्लॅस्टिकचा ब्रश आणून दिला. ह्यांनी तो तोडून त्यातला केसांचा गुच्छ काढला. मुठीतला जुना गुच्छ पकडीने उपटला, आतला वाळलेला गोंद स्क्रूड्रायव्हरने खरवडला. नवा गुच्छ सैल बसत होता, तर त्याच्या बुडाला माझ्या शिवणाचा दोरा गुंडाळला. मग गोंद लावून ब्रश माझ्यापुढे धरला.

"दाब. माझ्या हातात जोर नाही."

मी सगळा जीव एकवटून दाबला.

"दाढी आली की उद्घाटन," म्हणाले.

मग एकदा हे चेकअपहून आले. "डॉक्टरांनी औषध बंद केलं."
एवढंच म्हणाले.
मी देवापुढे साखर ठेवली.

काही आठवड्यांत गाल खरखरीत लागायला लागले. शेजारच्या हंसाबेननी माझे हातच धरले, "भाभी, भगवान ने सुन ली!"
त्या दिवशीचे ते पेढे.

बोअरच्या खाऱ्या पाण्याला मेला फेसच येत नाही. उद्घाटनासाठी मी पिण्याच्या हंड्यातलं वाटीभर गोडं पाणी काढलं. फेस मीच केला, मीच लावला.

"गोड्या पाण्याने दाढी! चैन आहे बुवा आमची."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले. आजच्याच तारखेला.

चेकअपला ह्यांच्यासोबत जाणारा ह्यांचा मित्र, दिलीपभाऊ, नंतर भेटायला आला.

"औषध लागू पडत नव्हतं, वहिनी. म्हणून बंद केलं. औषध थांबलं की केस येतातच, डॉक्टर आम्हाला बोलले होते. पेढ्यांच्या दिवशी मी त्याला म्हटलं, वहिनींना सांगूया. तर म्हणतो, वाटू दे रे तिला."

अहो, सगळं माहीत असून गाल पुढे करून बसलात.
माझ्याकडे बघत, फेस लावून घेत.

ब्रश अजून आहे. एक केस गळलेला नाही त्याचा. दाबून बसवलाय मी.

श्रद्धांजली बाकीचे वाहतील.
आता नळाला गोडं पाणी येतं, तरी मी आज वाटीभर वेगळं काढून ठेवलंय.

फेस करायला येते हं, अहो.